माशीचे डोळे

मिठबावात शंकरची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्तींचा कारखाना. तिथे माती कोणीही मळायचं, रंग कोणीही द्यायचं, पण मूर्तीचे डोळे आखायचे ते फक्त बाबलीने. मूर्ती न्यायला आलेल्या माणसाला शंकर आवर्जून सांगायचा, "डोळे बाबलीचे हत." मूर्तीवर कोणी नाव घालत नाही, पण शंकरच्या तोंडून एवढं ऐकलं की बाबलीचं वर्ष सुखात जायचं.

शंकर गेला आणि गावात बाहेरून तयार मूर्ती यायला लागल्या. त्याचा मुलगा सर्वेश भारी हुशार. त्याने शाळेचं होमस्टे केलं आणि बाबलीला ठेवलं झाडलोटीला, चहापाण्याला. वर उपकार केल्याचा आव! ज्या हाताने देव बघायला लागायचे, त्या हातात आता खराटा आला. बाबली करणार काय?

एकदा सर्वेशने गोव्यातून जुनी चित्रं आणली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच ज्ञानकोशाची सुटी पानं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. माशी, भुंगा, चतुर, आणि पिसू तर चांगली मांजराएवढी. पायावरचा केस न केस दिसत होता, पण सगळं काळं-पांढरं. पुसून भिंतीवर लाव, असं सांगून सर्वेश ओरोसला कामाला गेला.

बाबली माशीपुढे बसूनच राहिला. कोरणाऱ्याने जीव ओतला होता, आणि डोळे मात्र तसेच कोरडे सोडले होते. डोळे आखल्याशिवाय त्या शाळेतून आजवर काही बाहेर गेलं नव्हतं. त्याने ट्रंकेतला बारीक ब्रश काढला. श्वास रोखून तांबूस रंग भरला, शेवटी पांढरा ठिपका टेकवला, आणि माशी बघायला लागली. कितीतरी वर्षांनी बाबली स्वतःशीच हसला.

सर्वेश परत आला तो कपाळावर हात मारून बसला. बाबलीला नाही नाही ते बोलला. पण उतरायला आलेल्या मुंबईच्या बाईंनी माशी पाहिली आणि त्या जागच्या हलेनात. त्या काळी अशी चित्रं कोणी कोणी हाताने रंगवत, हे त्यांना ठाऊक होतं. डोळे कोणी रंगवले, त्यांनी विचारलं. चहाचा ट्रे घेऊन बाबली तिथेच उभा होता. आता सर्वेश बापासारखं बोलणार, असं त्या भाबड्याला खरंच वाटलं.

"तिकडचाच कोणीतरी कारागीर," सर्वेश शुद्ध मराठीत म्हणाला. "दोनशे वर्षं झाली त्याला मरून."

बाईंनी बाबलीकडे न बघताच ट्रेमधला कप उचलला.

दुसऱ्या दिवशी सर्वेश गोड गोड बोलत अंगणात आला. हातात उरलेली पानं होती.

"काका, ह्येंचेय डोळे काढ. मात्र कोणाक सांगू नको."

बाबलीने खराटा थांबवला. "दोनशे वर्षां आदी मेलो मां तो?" तो म्हणाला. "तेकाच सांग."

आणि वाकून उरलेलं अंगण झाडायला लागला.