खळ्यावर खाऊन दाखवलेला कांदा

एजंटसाहेबांनी पाण्याचा तांब्या हातानंच मागे सारला. चहालाही नको म्हणाले. शेठ हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

लासलगावच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडून गोण्या भरायच्या आवारात, मी सुपरवायझर होतो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सातवीतून शाळा सोडून परभणीहून आलेल्या मला शेठनी काम दिलं, झोपायला ऑफिसचा कोपरा दिला. त्यांना नाही म्हणणं मला जमायचंच नाही.

कॉलऱ्याची साथ तेव्हा देशोदेशी पोचली होती. आमचा कांदा आखातात जायचा. तिथल्या व्यापाऱ्यासाठी मुंबईचे हे एजंट माल पसंत करायचे. त्यांनी ऑर्डर थांबवली, तर खळं बंद आणि निवडणाऱ्या बाया घरी.

"कांद्यातून कसला कॉलरा जातोय, साहेब?" शेठ म्हणाले.

"पण शेठ, तिकडं..."

"अहो, आमच्या बाया रोज कच्चा खातात." शेठ माझ्याकडे वळले. "जा रे, कौसाबाईंना बोलाव. साहेबांसमोर खाऊ दे."

मी खातो, असं मला म्हणता आलं असतं. पण वस्तीत साथ होती. मलाही भीती वाटत होती. मी गेलो आणि बोलावून आणलं.

"मला बघायला आले का काय सायेब?" कौसामावशी पदर खोचत म्हणाल्या. बाया हसल्या.

मावशींनी बुक्कीनं कांदा फोडला आणि उभ्या उभ्या खाल्ला. एजंट दोन पावलं मागे सरकले. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"माल उत्तम आहे," एजंट म्हणाले. "पण तिकडच्यांनी बंदरच बंद केलंय. आपल्याकडचा खायचा माल उतरूच देत नाहीत. काल टेलेक्स आला." टेलेक्स म्हणजे तारेवरून छापून येणारा निरोप.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

शेठ आत गेले. बायांना सांगायचं माझ्यावर आलं.

"उद्यापासून काम नाय?" मावशी म्हणाल्या. "माझं काय चुकलं का, भाऊ?"

"नाही मावशी. ते आधीच ठरलं होतं."

"मंग मला कशापायी उभं केलं?"

खळं काही महिने बंद राहिलं. मावशी देवळा गावाकडे शेतात निंदणीला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

परदेशी धंद्यात माल दाखवायच्या आधी बंदर उघडं आहे का ते विचारावं. एवढं विचारायला फार शिक्षण लागत नव्हतं. मी तिथंच उभा होतो, पण विचारलं नाही.