बाटलीवरची चिठ्ठी

ही गोष्ट इतकी वर्षं मी बायकोलाही सांगायची टाळली, पण आज फाटकाला लाल रंग देताना ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि राहवेना. जळकोटजवळच्या आमच्या गावात पाण्याचे नमुने तपासणीला नेण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. माझ्या बोअरचं पाणी मचूळ, शेजाऱ्याचं गोड, त्यामुळे अख्खं गाव घागरी घेऊन त्याच्या दारात. तेही मी सोसलं असतं. पण एकदा जेवताना बायको म्हणाली, "डाळ कशी मऊ शिजली बघा, त्यांच्या पाण्याला लई गुण हाय," आणि मी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी मी दोघांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. अहवालात शेजाऱ्याच्या नावापुढे आलं, फ्लोराइड जास्त, दात-हाडं खराब होतात, पिऊ नये. म्हणजे ते पाणी माझं होतं. तरी मी त्याच्याच बोअरला धोक्याचा लाल रंग फासला आणि गाव माझ्या दारात आलं तेव्हा मनातून सुखावलो. संध्याकाळी तोही आला, खांद्यावर घागर, बोट धरून चिमुरडी नात. "दादा, बरं झालं तुम्ही तपासलं. मी तर पोरीला इख पाजत होतो!" मी हसत त्याची घागर भरून दिली. तो आता नाही. ती नात परवा लग्नाची पत्रिका द्यायला आली. हसताना तिनं तोंडावर ओढणी धरली, तरी तपकिरी चट्ट्यांचे दात दिसलेच. 'पोरी, माफ कर,' हे ओठांपर्यंत आलं होतं; मी म्हणालो, "पाणी घेतेस का?"