जुना वायसर

अंगणातल्या लोखंडी टाकीत संध्याकाळचं ऊन तिरपं उतरलेलं असायचं, आणि त्या निश्चल पाण्यावर तेलाचा एखादा थेंब पसरला की त्याच्या कडांना निळा, जांभळा, मोरपंखी रंग फुटत जायचा... मला ते फार सुंदर वाटे. बाबांना नाही. पाण्यावर रंग दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा, कारण त्या टाकीत बुडवून ठेवलेलं बोटीचं इंजिन कुठून तरी गळत असायचं, आणि गळकं इंजिन दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नेम होता.

बाबा मिस्त्री होते. सावनेरकडच्या कोळशाच्या खाणींमधलं पाणी उपसायचे पंप दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे नागपुरात आमच्या वस्तीजवळच्या तलावावर सहलीच्या बोटी सुरू झाल्या आणि तिथल्या ठेकेदाराने, बोटीच्या मागे अडकवतात त्या इंजिनांचं काम बाबांना दिलं. त्या कामाने ते खुलले होते. खाणीतल्या पंपाकडे कोण बघतं? पण तलावावर रविवारी माणसं हसत बोटीत बसायची, आणि काठावर उभे राहून बाबा ते कौतुकाने बघायचे.

त्या दिवसांचे वास अजून माझ्या नाकात आहेत. घासलेट, गिअरचं जुनं उग्र तेल, उन्हात तापलेलं लोखंड, शेजारच्या कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास — आणि या सगळ्यांत मिसळलेला, आईच्या तोंडाला लावायच्या पावडरीचा गोड, बायकी वास. कारण गळती शोधायची बाबांची रीत अशी की इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग, ज्याला ते ‘पाय’ म्हणत, आधी घासलेटने धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा आणि मग त्यावर पावडर भुरभुरवायची. घटकाभराने त्या पांढऱ्यावर जिथे काळी, ओली रेघ उमटेल तिथे चोर. आई तणतणायची, “माह्या डब्बीची पावडर इंजिनालेच लावा तुमी!” बाबा गालातल्या गालात हसायचे. “वरून पाहत ये,” ते मला सांगायचे, “तेल जिथं दिसते तिथूनच गळते असं नाही.” मग आम्ही दोघं वरच्या सांध्यापासून खाली, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापर्यंत नजर उतरवत यायचो. पुष्कळदा कोळ्यांच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा त्या दांड्याला गुरफटून आतलं रबरी सील कापून टाकायचा; बाबा तो चिमट्याने हळूच ओढून काढायचे आणि मला दाखवायचे.

शेवटचं काम माझं असायचं. पायाच्या तळाशी एक स्क्रू असतो, तेल काढायचं आणि भरायचं त्याच्यातूनच. आणि त्या स्क्रूखाली बाहुलीच्या बांगडीएवढी एक चकती — वायसर. एकदा दाबला गेलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही, म्हणून स्क्रू उघडला की नवा वायसर लावायचा, आणि जुना तिथल्या तिथे पकडीने तोडून टाकायचा, म्हणजे चुकूनही कोणी तो परत वापरणार नाही. माझी बोटं बारीक, म्हणून हे काम माझं. बारा वर्षांची होईपर्यंत मला त्याचा अभिमान होता.

मग मी धरमपेठेतल्या, म्हणजे नागपूरच्या सुखवस्तू भागातल्या, शाळेत जाऊ लागले आणि अभिमानाचं काय झालं कोण जाणे! तिथल्या मुलींच्या वह्यांनासुद्धा छान वास यायचा. माझ्या नखांच्या कडांत काळी रेघ असायची. मी ती लिंबाच्या सालीने, टाचा घासायच्या दगडाने, रक्त येईपर्यंत घासत असे. शर्वरी नावाची माझी मैत्रीण होती, मोठ्या घरातली, पण मनाने अगदी साधी. तिने एकदा सहज विचारलं, “तुझे बाबा काय करतात?” मी म्हटलं, इंजिनिअर आहेत. इंजिनाशी संबंध होता, म्हणजे फार खोटं नाही — अशी मी माझीच समजूत घालत असे. खोटं ते खोटंच होतं.

जानेवारीतली गोष्ट. वर्गाची सहल नेमकी आमच्याच तलावावर ठरली. आदल्या दिवशी सकाळी बाबा एका बोटीच्या इंजिनाचं तेल बदलत होते. सगळं जोडून झालं, आणि तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या बोटीसाठी बोलवायला आला. जाता जाता बाबा म्हणाले, “तेवढा वायसर बदलून स्क्रू आवळून ठेव वं. ते न्यायले येऊन राहिले.” मी हात नुकतेच घासून, लिंबू लावून बसले होते, बोटं लालबुंद झाली होती, पण स्वच्छ होती. नवे वायसर ग्रीसच्या डब्यामागे, चिकट काड्यापेटीत होते. जुना समोरच होता, पुसलेला. मी कागदाच्या कपट्याने तो उचलला, होता तसा बसवला, स्क्रू आवळला. पकडीने तोडायचा म्हणून जो नेम होता, तो नेमका मीच मोडला... बाबा परतले तेव्हा इंजिन गेलेलं होतं. टाकीत बुडवून बघायला त्यांना सवड मिळालीच नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. माझ्या कामाची खात्री करून घ्यायची असते, हे त्यांच्या मनात आलं नसावं.

दुसऱ्या दिवशीचं ऊन कोवळं होतं. आम्ही पाचजणी बोटीत, हातात संत्री, साली पाण्यात टाकत चाललेलो, आणि शर्वरी एकदम ओरडली, “अय्या, किती सुंदर रंग!” बोटीमागे पाण्यावर लांबच लांब मोरपंखी पट्टा पसरत येत होता. मी संत्र्याची फोड तोंडात तशीच धरून बसले. बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत आम्हाला काठावर आणलं. तिथे ठेकेदार उभाच होता, आणि दहा मिनिटांत सायकलवरून, मागे हत्यारांची पेटी लावून, बाबा आले.

त्यांनी इंजिन वर उचललं, पाय कोरडा केला, खिशातून पुडी काढून पावडर भुरभुरवली. मुली त्याला हसल्या. मीही हसले. ते वरून खाली बघत आले आणि तळाच्या स्क्रूशी थांबले. तिथली पावडर काळी झाली होती. स्क्रू काढून त्यांनी तो चपटा झालेला वायसर तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. वर मात्र बघितलं नाही.

“काय गा मिस्त्री,” ठेकेदार सगळ्यांसमोर कडाडला, “पूर्ण तलावात तेल सांडून राहिलं! असं काम करते का कोणी? कोणाच्या हातानं केलं हे?”

“माह्याच हातानं,” बाबा म्हणाले. “जुना वायसर राहून गेला. माहीच चुकी हाय.”

‘हे माझ्या हातून झालं’ एवढं बोलायला मला एक पाऊल पुढे यायचं होतं, फक्त एक. शर्वरीने माझा हात धरला होता आणि ती कुजबुजली, “विचार ना त्यांना, बोट आता चालू होईल का?” सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, ज्या आवाजात परक्या माणसाला विचारतात त्या स्वच्छ, धरमपेठी आवाजात विचारलं, “काका, किती वेळ लागेल?”

बाबांनी मान वर केली. क्षणभरच.

“दहा मिनिटं, ताई,” ते म्हणाले. “सावलीत बसा तुम्ही.”

त्यांनी मला तोपर्यंत कधीही ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी सांभाळून घेतलं. दहा मिनिटांत बोट तयार झाली. मी पुन्हा तिच्यात बसले, दुसरी फेरीही मारली.

घरी गेल्यावर मी बाबा रागावतील म्हणून वाट बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त त्यानंतर शेवटचा स्क्रू बाबा स्वतःच आवळू लागले, जाड बोटांनी, डोळे बारीक करून. महिन्याभरात बोटींचं काम थांबलं. आईने विचारलं, “काहो, काहून बंद झालं?” तर म्हणाले, “ठेकेदाराले दुसरा मिस्त्री भेटला.” आणि ते पुन्हा सावनेरच्या पंपांकडे वळले. पहाटेची बस धरून जायचे, कोळशाने माखून यायचे. रविवारी तलावाकडे फिरायला जायचं मात्र त्यांनी सोडून दिलं.

मी शिकले, नोकरीला लागले. वायसरची बोच सोबत होती, आणि खरं सांगायचं तर ती मी जपूनच ठेवली होती. लहान मुलीच्या हातून झालेली चूक — तेवढी लाज पेलवत होती. तिच्याआड दुसरी लपून जात होती. पुढे आई गेली, बाबा माझ्याकडे राहायला आले, त्यांचे गुडघे पार थकलेले. एका दुपारी गच्चीवर ते उन्हाला बसले होते, मी धीर करून म्हटलं, “तलावावरच्या त्या बोटीचा वायसर मी बदललाच नव्हता. मुद्दाम. हात घाण होतील म्हणून.”

“ते त् मले तवाच समजलं,” ते म्हणाले. “वायसरचं काय वं, लेकरू होती तू.” मग पायावरची शाल सारखी करत, अगदी हळू आवाजात, तक्रार न करता त्यांनी विचारलं, “पण मले काका काहून म्हटलं?”

उत्तर होतं, पण ते त्यांच्या तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं. मी शालीचं घसरलेलं टोक त्यांच्या पायाखाली खोचू लागले. मग तेच म्हणाले, “जाऊ दे. जेवली का तू?”

त्यानंतर ते दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत मी कारण नसताना प्रत्येक वाक्याला ‘बाबा’ जोडत राहिले. बाबा, पाणी ठेवलंय. बाबा, ऊन आलं. दवाखान्यात, रांगेत, लोकांसमोर, मुद्दाम मोठ्याने... बाबा, सांभाळून. बाबा, माझा हात धरा. एकदा डॉक्टरांच्या दारात सगळी माणसं वळून बघायला लागली, तेव्हा ते हसून म्हणाले, “ऐकून राहिलो ना वं मी, किती वेळा म्हणशील?”

“हो बाबा,” मी म्हटलं.