शेजारी आपला एक माणूस

सन चौतीसच्या उन्हाळ्यात चुकलेला बैल शोधता शोधता पुना नावाचा शेतकरी साक्री तालुक्याच्या पश्चिमेची हद्द ओलांडून डोंगरातल्या एका छोट्या संस्थानात शिरला आणि सागचोर म्हणून धरला गेला. ही बातमी त्याचा थोरला भाऊ हिलाल याला गावात कळली. तिथे राजाचा कारभारीच धरणार आणि कारभारीच निवाडा करणार. मागल्या साली धरलेला एक जण परत आला तो खुरडतच.

हिलालने धुळे गाठलं. गिरधर वकिलांचे पाय धरून म्हणाला, "भाऊसाहेब, त्या राजावर कोठे कोर्ट शे का?"

"संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज एजंटसाहेबाकडे अर्ज करू, पण महिने जातील," वकील म्हणाले. "देशादेशांतले तंटे मिटवणारं एक कोर्ट आहे खरं, पण ते पार हॉलंडात. पंधरा न्यायाधीश बसतात."

"त्यासले कोन नेमस? बठ्ठास्ना मोठा राजा?"

"असा सगळ्यांत मोठा राजा कुणी नाही, आणि कुणी एकटा नेमतही नाही. देशोदेशीचे कायदेपंडित नावं सुचवतात. मग राष्ट्रसंघाच्या दोन सभा, एक सगळ्या देशांची आणि एक निवडक देशांची, वेगवेगळं मत देतात. दोन्हीकडे बहुमत मिळालं तर नऊ वर्षांसाठी नेमणूक. आणि भांडणाऱ्या देशाचा कुणी न्यायाधीश तिथे नसेल, तर त्या खटल्यापुरता त्याला आपला एक माणूस बसवता येतो."

"मंग मना पुनाले तठेच लई चला!"

"अरे, तिथे त्याला कसं नेणार? तिथे देशच जातात. तू-मी नाही."

हिलाल स्वतःच संस्थानात जायला निघाला, तेव्हा घरी आई भिकुबाईने त्याचा सदरा धरून ठेवला. "एक गया, आते तू बी जास का?" हिलालला तिच्याकडे बघवेना. गावचे म्हातारे भटू पाटील सोबत निघाले, म्हणून त्याचे पाय उचलले.

संस्थानच्या कचेरीत पुना कोपऱ्यात उकिडवा बसला होता. एक डोळा सुजून मिटलेला. हिलाल कारभाऱ्यासमोर गेला. हात जोडून तो कसाबसा म्हणाला, "सरकार, निवाडा करा. पन शेजारी आमना गावना एक मानूस बसू द्या."

"हे कुणी शिकवलं तुला?"

वकिलांचं नाव जिभेवर आलं, ते त्याने गिळलं. "मोठा मोठा देश बी अशेच करतस, सरकार."

शिपायाने काठी उचलली. हिलालने डोळे मिटून घेतले. कारभाऱ्याने हातानेच शिपायाला थांबवलं आणि पाटलांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बसा, म्हातारबा."

पाटलांनी शिपायाला एवढंच विचारलं, "तोडेल लाकूड कोठे शे? कुऱ्हाड कोठे शे?" शिपायाला यातलं काहीच दाखवता आलं नाही.

पुना सुटला. चुकलेला बैल मात्र संस्थानच्या ताब्यातच राहिला. तो मागायची कुणाची छाती झाली नाही.

हद्दीचा ओढा मागे पडला तरी हिलाल थांबेना. "दादा, आते तरी बस ना," पुना कण्हत म्हणाला. पाटील बाभळीखाली टेकले, पुना आडवा झाला. हिलाल उभाच होता. मागून घोड्याच्या टापा येतात का, इकडेच त्याचे कान लागले होते.