दर्शनाची गिटार आणि उंडीचं तेल

दर्शना सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर अर्जांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसायचं, हा तिचा कॉलेजपासूनचा शिरस्ता. मोबाइलवर बघून बघून शिकली. बुद्धजयंतीला विहारात तिच्या गिटारीवर वाडीतल्या मुली गाणी म्हणतात.

यंदा वैशाखात गिटारीचा फ्रेटबोर्ड, म्हणजे तारांखालची शिसवी पट्टी, सुकून पार पांढरट पडला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने तारा काढल्या, साचलेला काळा मळ जुन्या टूथब्रशने खरवडला आणि खास मागवलेलं तेल आणायला ती कुरिअरवाल्याकडे गेली. "माणूस जेवायला गेलाय," हे ऐकत कितीतरी वेळ उन्हात ताटकळली.

तेलाची छोटी बाटली घेऊन घामाघूम परतली तर पडवीत उग्र वास. मुंबईच्या गोदीत नोकरी संपवून गावी आलेले तिचे वडील गंगाराम गिटार मांडीवर आडवी घेऊन बसलेले. शेजारी दाराच्या चौकटींना लावायच्या उंडीच्या तेलाची बाटली, निम्मी रिकामी.

"बाबा! काय केलंत हे?"

"लाकूड तहानलेलं होतं गो. होडीला हेच लावतात."

"ही होडी आहे?"

"मग पाण्यात थोडीच टाकली मी?"

तिला हसू आलं नाही. पट्टी चिकचिकीत झाली होती. तिने फडकी संपवली, कापूस संपवला. पुसावं तेवढं तेल पुन्हा वर यायचं.

"राख टाकू काय वर? शोषून घेईल."

"तुम्ही हात लावू नका!"

रात्री तशाच तारा चढवल्या. दुसऱ्या दिवशी विहारात तिची बोटं घसरत होती. प्रत्येक गाण्यानंतर ती ओढणीला हात पुसे. मुली वासाने नाकं मुरडत. आणि पहिल्या रांगेत गंगाराम शेजाऱ्याला सांगत होते, "आवाज कसा मऊ आलाय बघ! तेल मी लावलंय." दर्शनाने दातओठ खात पुढचं गाणं धरलं.

तेल पुरतं निघायला पाऊस तोंडावर आला. मग तिने तारा उतरवल्या, बाबांना समोर बसवलं आणि फडक्यावर आपल्या बाटलीतले दोन थेंब टाकले.

"एवढंच. लावायचं, जरा मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं. वर्षातून एकदा."

गंगाराम पट्टीवरचं एकेक घर सावकाश पुसत गेले. "याने काय होणार? लाकडाची जीभसुद्धा भिजत नाही."

"पुसा," दर्शना म्हणाली.