गाल ओढून धर, मास्तर

युसूफ गेल्याचं त्याच्या मुलानं, सलीमनं, फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. आदल्याच दिवशी त्यानं माझी दाढी केली होती... आणि अर्धांगवायूच्या दुसऱ्या झटक्यात माणूस संपला. महिना होऊन गेला, राग तसाच आहे.

पारनेरच्या बाजारपेठेत त्याचं केस कापायचं दुकान. आम्ही शाळेपासूनचे दोस्त; मी मास्तर झालो, त्यानं बापाचा वस्तरा घेतला. चार वर्षांपूर्वी पहिला झटका आला. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायला लागला, जीभ जड झाली. दाढी करताना डाव्या हातानं कातडी ताणून धरावी लागते. तो हात गेला की उजव्यातल्या वस्तऱ्याचं काही चालत नाही. नागापूर एमआयडीसीत कंपनीत असलेला सलीम म्हणाला, "अब्बा, गाळा भाड्यानं देऊन टाकू." युसूफ भडकला. "डावा गेलाय. उजवा कुटं गेलाय?"

मग गुडघ्यांत फुगा धरायचा, त्याला फेस लावायचा आणि वस्तरा फिरवायचा, असा त्याचा सराव सुरू झाला. कितीतरी फुगे फुटले. फुटायचे थांबले तेव्हा त्यानं मला बोलावलं. मी खुर्चीत बसलो.

"गाल ओढून धर, मास्तर."

"मी?"

"माजा एक हात, तुजा एक. झालं की दोन!"

पहिल्या दिवशी दोनदा कापलं. मी ओरडलो. त्यानं तुरटी फिरवली आणि वर मलाच झापलं, "हात ढिला तू सोडलास."

पुढं दुकानाचा तो नियमच झाला, ज्याचा गाल त्यानं धरायचा. काही गिऱ्हाइकं तुटली, बरीच टिकली. एकजण "बिचारा" म्हणाला, तर युसूफनं त्याची दाढी अर्ध्यावर थांबवली. माफी मागेपर्यंत दुसऱ्या गालाला वस्तरा लावला नाही. पाय मात्र शेवटपर्यंत ओढतच राहिला. ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळायचा, तो पुसायला कुणी पुढं झालं की डोळे वटारायचा. मला त्याचा फार अभिमान होता. त्याला तसं कधी सांगितलं नाही... सांगायला हवं होतं.

परवा नाइलाजानं त्याच्या दुकानासमोरच्या नव्या सलूनमध्ये गेलो. फेस लागला आणि माझा हात आपोआप वर गेला. गाल ताणून बसलो.

"काका, हात खाली घ्या ना. मी धरतो."

"नाही घेत," मी म्हणालो. "तू वस्तरा चालव."