काळ्या कागदावरचे क्ष आणि य

खळीचा वास आला की मला युद्धाच्या दिवसांतलं रांझीचं आमचं फॅक्टरीचं क्वार्टर आठवतं. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद खळीने चिकटवले होते. माझ्या वहिनीला मॅट्रिकला बसायचं होतं, पण बाबा म्हणत, "लग्न झालं, आता काहून शिकायचं?" एका दुपारी मी त्या कागदावर खडूने तिला दोन समीकरणं घातली. तिने एकाला दोनने गुणलं, त्यातून दुसरं वजा केलं, तसा य निघून गेला आणि क्ष एकटा उरला. तेवढ्यात फॅक्टरीतून बाबा आले. त्यांनी तिची उत्तरं दोन्ही समीकरणांत घालून पाहिली, ती बरोबर निघाली. "परीक्षेत जमेल?" त्यांनी विचारलं. "जमून राहिलं ना, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "अच्छा, मग फॉर्म भरून टाक." वहिनी पास झाली, पुढे शिक्षिका झाली. आता माझी नात तिच्याकडे गणित शिकते आणि घरी येऊन मला समजावते.